सल्ला हवा: मेंदूतल्या ग्लुटामेटवर सेमिनार आहे, सुरुवात कुठून करू?

निशिगंध:
नमस्कार मंडळी. एमएस्सी झूऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला विषय मिळालाय 'पेशींबाहेरच्या ग्लुटामेटचं नियंत्रण' (ग्लुटामेट म्हणजे चेतापेशी एकमेकींना संदेश देताना सोडतात तो रेणू). वेळ वीस मिनिटं, मग प्रश्न. टेक्स्टबुकात ग्लुटामेट-ग्लुटामाइन चक्राची एक आकृती आणि चार ओळी आहेत, तेवढ्यावर निभणार नाही. शिवाय पेशींबाहेर ग्लुटामेट किती असतं याचे आकडे जुळतच नाहीत. कुठे २ मायक्रोमोलर, कुठे २५ नॅनोमोलर (नॅनो म्हणजे मायक्रोचा हजारावा भाग)! कोणता धरू? काय वाचू, काय गाळू?

कदंब:
जे आकडे जुळत नाहीत त्यांच्यावरच सेमिनार उभा कर. माझी पीएचडी याच विषयात चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट नीट ठसव. ॲसिटिलकोलीन या दुसऱ्या संदेशवाहक रेणूला सायनॅप्सच्या, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्याच्या, फटीतच तोडणारं एन्झाइम असतं, ग्लुटामेटला पेशींबाहेर तोडणारं काहीच नाही. रेणू उचलून आत नेणं हाच उपाय. ते काम मुख्यतः ॲस्ट्रोसाइटवरचे (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवरचे) ट्रान्सपोर्टर, म्हणजे रेणू आत ओढणारी प्रथिनं, करतात, त्यातही जीएलटी-१ (माणसात याला ईएएटी-२ म्हणतात). आत गेलं की ग्लुटामाइन सिंथेटेज हे एन्झाइम त्याचं ग्लुटामाइन करतं. ग्लुटामाइन रिसेप्टरला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवत नाही, म्हणून निर्धास्तपणे चेतापेशीकडे परत पाठवता येतं. तुझी आकृती इथे दाखव आणि पुढे सरक.

आता आकडे. मायक्रोमोलरमधले आकडे बहुतांशी मायक्रोडायलिसिसचे, म्हणजे मेंदूत बारीक नळी घालून केलेल्या मोजमापाचे. त्याची नळी साधारण पाव मिलिमीटर जाड, सायनॅप्सची फट जेमतेम २० नॅनोमीटर. म्हणजे नळी फटीच्या दहा हजार पटींहून जाड. ती खुपसली की भोवतालच्या पेशी दुखावतात आणि मोजमाप होतं ते त्या दुखावलेल्या जागेचं. हर्मन आणि जार यांनी २००७ साली हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या) कापांमध्ये चेतापेशींचे स्वतःचे एनएमडीए रिसेप्टरच (ग्लुटामेट टिपणारा एक प्रकार) मोजपट्टी म्हणून वापरले. उत्तर आलं २५ नॅनोमोलर. मला हाच आकडा पटतो. एनएमडीए रिसेप्टरला ग्लुटामेट दोन-तीन मायक्रोमोलरलाच बऱ्यापैकी चिकटतं. बाहेर कायम तेवढं असतं तर रिसेप्टर सदोदित व्यापलेले राहिले असते, मग नवा संदेश ओळखायचा कसा? अर्थात काप म्हणजे जिवंत मेंदू नव्हे, हे तूच आधी सांगून टाक.

वाचायला ओस्लोच्या डानबोल्ट यांचा २००१ चा रिव्ह्यू घे. शंभरावर पानं आहेत, सगळी वाचत बसू नकोस. ट्रान्सपोर्टरवरचा भाग मात्र टिपणं काढत वाच. सोबत तानाका आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा पेपर. जीएलटी-१ नसलेल्या उंदरांना झटके येऊन ते लवकर दगावले. 'हे महत्त्वाचं का?' याला याहून थेट उत्तर नाही.

मृदा:
मध्येच विचारते. अजिनोमोटो म्हणजे हेच ना? आमच्याकडे चायनीज केलं की सासूबाई म्हणतात, मेंदूला बाधतं.

बकुळ:
मृदाताई, रेणू तोच. पण खाल्लेलं ग्लुटामेट बहुतेक आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात, आणि रक्तातलं मेंदूत सहज शिरत नाही. भीतीचं मूळ १९६९ सालचं आहे. ओल्नी यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांना कातडीखाली मोठा डोस टोचला आणि हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातल्या पेशी मेल्या. त्यावरून ताटातल्या चिमूटभराबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

निशिगंध, मी फिजिऑलॉजी शिकवते. शेवटची पाच मिनिटं स्ट्रोकला दे. ट्रान्सपोर्टर एक ग्लुटामेट आत नेतो तेव्हा सोबत तीन सोडियम आणि एक प्रोटॉन आत येतात, एक पोटॅशियम बाहेर जातं. रक्त थांबलं की एटीपी (पेशीचं इंधन) संपतं, सोडियम-पोटॅशियम पंप बंद पडतो, आयनांचा उतार (आत-बाहेरच्या प्रमाणातला फरक, ज्याच्या जोरावर ट्रान्सपोर्टर चालतो) सपाट होतो आणि हेच ट्रान्सपोर्टर उलटे चालून ग्लुटामेट बाहेर ओततात. रॉसी, ओशिमा आणि ॲटवेल यांनी हे २००० साली कापांमध्ये दाखवलं. पेपर छोटा आहे, मूळच वाच.

निशिगंध:
कदंबदादा, बकुळमॅडम, खूप आभार. एक अडतंय. जीएलटी-१ चं एक चक्र पुरं व्हायला दहा मिलिसेकंदांहून कितीतरी जास्त वेळ लागतो असं वाचलं, आणि फटीतलं ग्लुटामेट तर एक-दोन मिलिसेकंदांत ओसरतं. मग हे जमतं कसं?

कदंब:
संख्येमुळे. आत नेणं सावकाश होतं, पण चिकटवून घेणं लगेच होतं. डानबोल्ट आणि लेह्रे यांच्या मोजणीत हिप्पोकॅम्पसमधल्या ॲस्ट्रोसाइटच्या पडद्यावर दर चौरस मायक्रोमीटरला जीएलटी-१ चे सुमारे ८५०० रेणू निघाले. बाहेर पसरलेल्या ग्लुटामेटला मोकळा ट्रान्सपोर्टर लगेच सापडतो. एकदा चिकटलं की रिसेप्टरच्या दृष्टीने ते नाहीसं झालं, आत जायला मग कितीही वेळ लागो. यावर प्रश्न येणारच, स्लाइड तयार ठेव.