मदत हवी आहे: शाळूच्या अर्काने तण अडतंय की नुसत्या क्षारांनी?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रकल्प शाळूच्या अवशेषांचा तणांच्या उगवणीवर काय परिणाम होतो यावर आहे. आमच्याकडं शिरोळ भागात जुनी माणसं शाळूच्या धसकटावर लगेच दुसरं पीक घ्यायला नको म्हणतात, तिथूनच डोक्यात आलं.

धसकटं वाळवून दळली, दहा टक्क्यांचा पाण्यातला अर्क गाळून घेतला. पेट्री डिशमध्ये काटेमाठ, गाजरगवत आणि तुलनेला गहू. काटेमाठ जवळजवळ उगवलाच नाही. गाजरगवताला कोंब आला, पण मूळ तांबूस पडून टोकाशी काळं. इथवर झकास. मात्र गव्हाचीही मुळं खुंटली, आणि अर्काचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) चांगलाच चढलेला निघाला. म्हणजे हे शाळूतल्या, दुसऱ्या झाडांची वाढ अडवणाऱ्या फिनॉलिक आम्लांचं काम, की बियांना नुसतं पाणी ओढता आलं नाही? तुलना फक्त डिस्टिल्ड वॉटरशी ठेवली तर तोंडी परीक्षेत परीक्षक सोलून काढणार.

तुलनेला पीईजी 6000 चं (बियांना पाणी ओढणं अवघड करणारं, पण स्वतः विषारी नसलेलं पॉलिमर) अर्काएवढ्याच ऑस्मोटिक दाबाचं द्रावण ठेवायचा विचार आहे. पण दाब ठरवू कसा? ईसीवरून अंदाज काढला तर अर्कातली साखर त्यात धरलीच जात नाही. शिवाय पीईजीमुळे क्षारांचा स्वतःचा त्रास कळणार नाही, तो वेगळा. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात ऑस्मोमीटर (हा दाब मोजायचं यंत्र) कुठं वापरायला मिळेल का?

दुसरा गुंता जास्त छळतोय. शाळूचं तणाविरुद्धचं खरं हत्यार म्हणजे सॉर्गोलिओन हे रसायन. ते जिवंत मुळांच्या केसांतून तेलकट थेंबांनी झिरपतं आणि पाण्यात फारसं विरघळत नाही. मग माझ्या अर्कात ते कुठून येणार? त्यापेक्षा अगारमध्ये (जेलीसारख्या माध्यमात) आधी शाळू रुजवून शेजारीच तणाचं बी टाकलं तर? कुणी केलंय का असं? बुरशी कशी आवरली?

आणि हे डिशमधले निकाल काळ्या रानात टिकतील असं मला तरी वाटत नाही. चिकणमाती फिनॉलिक धरून ठेवते, उरलेलं जिवाणू खातात. पंचगंगाकाठची माती भरून कुंड्या लावायच्या झाल्या तर ती निर्जंतुक करावी की तशीच घ्यावी?

काटेमाठाच्या बियांना उजेड हवा असतो, त्यामुळे डिश अंधारात ठेवलेल्या नाहीत. ते कुणी विचारायच्या आधीच सांगितलं.