टॅप, क्यूआर, फास्टॅग: पैसा आणि ओळख कुठून निसटते?

सिॲटलमध्ये ॲमेझॉनने २०१८ साली कॅशियर नसलेलं दुकान खुलं केलं. आपल्या सातारा-सांगलीत मशीनला टेकवून पैसे देण्याचं टॅपचं कार्ड, काउंटरवरचा क्यूआर आणि आनेवाडीच्या टोलनाक्यावर फास्टॅग. जाणकार मंडळींनी लिहावं: धोका नेमका कुठे, बंदोबस्त काय?

सातारा, बँकेत कार्डांचं काम
गर्दीत खिशाला मशीन लावून पैसे काढतात, ही भीती गरजेपेक्षा मोठी आहे. चिप जेमतेम चार सेंटीमीटरवरून बोलते आणि दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळे चोरलेल्या माहितीतून टॅपचं दुसरं कार्ड बनत नाही. कार्ड नंबर आणि मुदत मात्र टॅपची सोय असलेल्या कुठल्याही फोनला वाचता येते. आपल्याकडच्या साइटवर ओटीपी आडवा येतो, परदेशी साइटवर बऱ्याचदा येत नाही. म्हणून कार्डावरचे 'इंटरनॅशनल' व्यवहार बंदच ठेवा. खरी जोखीम कार्ड हरवण्यात आहे: जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत टॅपला पिन लागत नाही. बँकेच्या ॲपमध्ये ही मर्यादा स्वतः खाली आणता येते. किराणा-पेट्रोलला हजार पुरे.

सांगली, गणपती पेठ, किराणा
क्यूआरवर दुसरं स्टिकर चिकटवणं हा सर्वात स्वस्त डाव. गिऱ्हाईक प्रामाणिकपणे पैसे देतं, पैसे आल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स गप्प राहतो. दुकान उघडल्यावर आपल्याच फोनने कोड स्कॅन करून नाव बघावं, कोड काचेच्या आतून लावावा. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण पुरावा नाही, तशी खोटी ॲप मिळतात. घोषणा झाली नाही तर आपल्या ॲपमध्ये जमा नोंद बघूनच माल द्यावा.

कराड, मोबाईल दुरुस्ती
फोनला लॉक असतं, सिमला नसतं. चोर सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घालतो आणि ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. सेटिंगमध्ये 'सिम लॉक' चालू करा. आधी सिम कंपनीकडून सिमचा मूळ पिन विचारून घ्या. तीनदा चुकला की सिम पीयूके, म्हणजे अडलेलं सिम उघडायचा कोड मागतं. फोन गेलाच तर पहिलं काम सिम बंद, मग यूपीआय आणि कार्ड, मग पोलीस तक्रार. तिची प्रत जोडून सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक होतो. डुप्लिकेट सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, त्यामुळे ओटीपीची कामं दुसऱ्या दिवशी. छोट्या रकमांच्या यूपीआय लाइट पाकिटाला पिन नसतो, त्यात लागेल तेवढीच रक्कम ठेवा.

मिरज, सेतू केंद्र
ओळख चोरीला जाते ती झेरॉक्समधून. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालत असेल तिथे तेच द्या. अंगठ्याच्या ठशाने आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. म्हणून आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा ठसा वगैरे, लॉक करा. रेशन घ्यायला जाताना तात्पुरतं उघडावं लागतं, नाहीतर दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही संचार साथीवर दिसतं.

कराड, गाड्यांची खरेदी-विक्री
गाडी विकली की फास्टॅग बंद करा. नाहीतर तासवड्याचा टोल तुमच्याच खात्यातून जात राहील.

सातारा, बँकेत कार्डांचं काम
एक राहिलं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि बँकेतही कळवून तक्रार क्रमांक घ्या. चूक आपली किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाने नुकसान आपल्यावर येत नाही. दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी. पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.