मदत हवी आहे: ट्रान्सफर विंडोला गुण कसे द्यायचे?

घसारा:

नमस्कार मंडळी. २०२५ ची चवथ चार दिवसांवर आली आहे, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं अर्धं सामान अजून आणायचं आहे आणि मी हा धागा काढत बसलोय. यावरून निकड ओळखा.

फोंड्याला तिस्काजवळच्या एका चहाच्या हॉटेलात आमचा सात जणांचा अड्डा आहे. इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याची मुदत, बंद झाली की प्रत्येकाने क्लबांना शंभरपैकी गुण द्यायचे आणि कागद हॉटेलच्या मालकाकडे ठेवायचा. तो कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवतो. मे महिन्यात कागद काढायचे, आणि ज्याचे गुण अंतिम तक्त्यापासून सगळ्यात लांब, त्याने सगळ्यांना बन्स, भाजी आणि चहा द्यायचा. चार वर्षांत तीनदा मी दिला.

यंदा माझा कागद निघाला तेव्हा त्यावर ग्लासाचा गोल डाग होता आणि खाली माझ्याच अक्षरात: 'लिव्हरपूल ३२. एकच घेतला, तोही दुखणाईत. झुबिमेंडी हातचा घालवला. नापास.' त्या लिव्हरपूलने चार सामने राखून लीग मारली! मालकाने कागद आता गल्ल्याच्या काचेखाली लावलाय. पैसे देताना रोज वाचावा लागतो.

मी एका पतसंस्थेत हिशेब लिहितो, त्यामुळे मला हा विषय आधीपासून आकड्यांचाच वाटायचा. किती ओतले, किती विकले, वजाबाकी करा, झालं. या वजाबाकीने माझा घात केला. २०२३ च्या उन्हाळ्यात चेल्सीने ४० कोटी पौंडांच्या वर खर्च केला, मी ८८ दिले, ते सहावे आले. जर्मनीचे दोनतीन क्लब आम्ही चवीला धरतो. केन घेतला म्हणून बायर्नला ९० दिले. केनने लीगमध्ये ३६ गोल केले आणि बायर्न तिसरं, बारा वर्षांत पहिल्यांदा एकही करंडक नाही. केनला विकणारं टॉटनहॅम मात्र आठव्यावरून पाचव्यावर गेलं. आणि लेव्हरकुसेन, ज्यांनी तिशीचा झाका आणि फुकटात ग्रिमाल्डो आणला, त्यांना मी ५५ दिले होते. ते अख्खी लीग एकही सामना न हरता जिंकले.

मग मी धंद्याच्या अकलेने दुसरं कोष्टक केलं. क्लबच्या वहीत खेळाडूची किंमत एकदम खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांवर वाटली जाते. आपला घसाराच तो. चेल्सीने एन्झो फर्नांडेसला १० कोटी ६८ लाख पौंडांना घेऊन साडेआठ वर्षांचा करार केला, तेव्हा वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास बसत होते. पुढे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, आणि मग इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही हा घसारा पाच वर्षांतच काढायचा असा नियम केला. तसाच करार आज केला तर वर्षाला दोन कोटी तेरा लाख.

विकताना उलटं. परसातल्या माडाचा नारळ विकला तर आलेला सगळा पैसा नफा, बाजारातून आणून विकला तर फक्त वरची कमाई. म्हणून क्लब आपल्याच अकादमीतली पोरं विकतात. चेल्सीने माउंटला मँचेस्टर युनायटेडला दिलं ते असंच. मनाला पटत नाही, वहीला पटतं.

इथेच मी अडकलोय. नॉटिंगहॅम फॉरेस्टचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये त्यांना तोटा मर्यादेत ठेवण्यासाठी ब्रेनन जॉन्सनला ३० जूनच्या आत विकायला हवं होतं. तो घरचाच पोरगा, म्हणजे आख्खा नारळ. त्यांनी भाव वाढेल म्हणून थांबून १ सप्टेंबरला टॉटनहॅमला ४ कोटी ७५ लाखांना विकला. भाव चांगला आला, पण हिशेबाचं वर्ष ३० जूनला बंद झालं होतं! ६ कोटी १० लाखांच्या मर्यादेवर तोटा ३ कोटी ४५ लाखांनी जास्त निघाला आणि लीगच्या तक्त्यातले त्यांचे चार गुण कापले गेले. आमच्याकडे ३१ मार्चला संध्याकाळी सातला कोणी चेक घेऊन आला तर मॅनेजर त्याला खुर्ची देतो, चहा देतो, ते उगाच नाही.

तरीही फॉरेस्ट लीगमध्ये टिकलं. मग त्या विक्रीला किती गुण? आणि घेणाऱ्याला किती? याच जॉन्सनने यंदा मे महिन्यात युरोपा लीगच्या फायनलात युनायटेडविरुद्ध एकमेव गोल केला आणि टॉटनहॅमला सतरा वर्षांनी करंडक मिळाला. त्याच मोसमात टॉटनहॅम लीगमध्ये सतरावं. आता घाला कोष्टकात!

तर विचारायचं ते असं. पैसे सोडून दुसरं काय मोजू? आणि विंडो बंद झाली त्याच रात्री गुण देणं मुळात शक्य आहे का? यंदा इंग्लंडची विंडो १ सप्टेंबरला आपल्या रात्री साडेअकराला बंद होते.

साखळीचा गोली:

घसाराबाब, पैसे सोडा, मिनिटं धरा. मी बरीच वर्षं गोलात उभा राहिलोय, माझ्यासमोर गेल्या वर्षीचे चार आहेत की नवे चार, एवढंच मला दिसायचं. कोण कितीला आला हे गोलकीपरला कळत नाही.

एका क्लबची लीगची मिनिटं किती? ३८ सामने, ९० मिनिटं, ११ माणसं: ३७,६२०. गेल्या मोसमात यातली किती मिनिटं खेळणारे लोक निघून गेले ते आधी काढा. ही तुमची भोकं. मग नव्यांपैकी कोण त्याच जागी खेळतो ते बघा. लेफ्ट बॅक गेला आणि तिसरा विंगर आणला, तर विंगर कितीही गुणी असला तरी भोक तिथेच. पाऊस गळतोय स्वयंपाकघरात आणि तुम्ही कौलं बदलताय पडवीची.

आणि फुकट आलेला फुकट नसतो. एम्बापे रेआलला ट्रान्सफर फी न देता आला, पण सहीचे पैसे आणि पगार बघा. क्लब लीगमध्ये कितवा येतो हे ट्रान्सफरच्या रकमेपेक्षा पगाराच्या एकूण बिलावरून जास्त कळतं, असं यावर काम केलेले अर्थतज्ज्ञ सांगतात. तुम्ही तर वहीवाले, हा रकाना तुमच्या नजरेतून सुटला कसा?

कुडाळकर ९:

ते राहू दे, अल नासर आशियाई स्पर्धेत तुमच्या एफसी गोवाच्या गटात आलंय, रोनाल्डो फातोर्ड्याच्या स्टेडियमवर येणार की नाही ते सांगा आधी. माझ्या मेव्हण्याने तिकिटासाठी आत्तापासून डोकं खाल्लंय.

ईस्ट स्टँड:

कुडाळकर, तो प्रश्न सध्या अख्ख्या गोव्याला पडलाय, रांगेत उभे राहा.

धागाकर्ते, इंग्लंडचं कोष्टक इंग्लंडलाच ठेवा. ते आपल्या एफसी गोवावर चालवून बघा, कसं कोसळतं ते. आपल्याकडे रोख फीचे व्यवहार थोडे, बहुतेक जण करार संपला की जातात. म्हणजे तुमच्या घसाऱ्याचे रकाने कोरेच. वयाचे गुण देणार? २०१७ मध्ये स्पेनचा स्ट्रायकर कोरो आला तेव्हा ३४ वर्षांचा, आला सायप्रसच्या एका छोट्या क्लबातून. मी स्वतः म्हटलं होतं, 'म्हातारा सुट्टीला आलाय'. पहिल्या मोसमात १८ गोल, दुसऱ्यात १६, दोन्ही वेळा सगळ्यात जास्त गोलांचा गोल्डन बूट. अजून माझी बायको कोणी नवीन परदेशी आला की विचारते, हा पण सुट्टीलाच का?

आणि २०२०. तेव्हा आपण लीगमध्ये पहिले येऊन शील्ड जिंकलेली. प्रशिक्षक लोबेराला त्याच जानेवारीत आपणच घरी पाठवलं होतं. तो मुंबई सिटीत गेला आणि मागोमाग जाहू, फॉल, बूमूस आणि आपला मंदार राव देसाई. कोरोही स्पेनला परतला. गोलीबाबांची मिनिटं लावली तर त्या उन्हाळ्यात आपला कणाच गेला. नापासच ना? आपण ३६ वर्षांचा अंगुलो आणला, त्याने १४ गोल करून गोल्डन बूट घेतला. आपण चौथे आलो, सेमीफायनलात मुंबईशी पेनल्टीवर हरलो. पुढे एप्रिलमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये प्रशिक्षक लोराँ ब्लाँच्या, कतारच्या अल रय्यानला ०-० रोखलं. मी तरी त्या विंडोला ६५ देईन.

पण मुंबईला? शंभर. त्यांनी वेगवेगळे खेळाडू घेतले नाहीत, बसवलेली पंगत उचलून नेली. वाढपी ओळखीचा, पानं ओळखीची. त्या मोसमात शील्ड आणि कप दोन्ही त्यांचं, आणि कपची फायनल तर आपल्याच फातोर्ड्यावर. करोनामुळे अख्खी लीग गोव्यात, प्रेक्षकांना बंदी. मी स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर राहतो आणि ती फायनल टीव्हीवर बघितली. खिडकीतून फ्लडलाइट दिसत होते.

म्हणून एक रकाना वाढवा: येणारे एकमेकांबरोबर किंवा त्या प्रशिक्षकाबरोबर आधी खेळलेत का.

घसारा:

ईस्ट स्टँड, फ्लडलाइटचं वाचून जेवण थांबलं.

काल रात्री तुम्हा दोघांची पद्धत माझ्या काचेखालच्या कागदावर चालवून बघितली. लिव्हरपूल, २०२४ चा उन्हाळा. गेले कोण? मातिप डिसेंबरपासून गुडघा धरून बसलेला. थियागो मोसमभर एकदाच बदली म्हणून आलेला. व्हॅन डेन बर्ग आणि कार्व्हालो आधीच दुसरीकडे उसने दिलेले. म्हणजे ३७,६२० मिनिटांतली जवळपास सगळी जागेवर. भोकच नव्हतं, आणि मी ते बुजवलं नाही म्हणून त्यांना नापास केलं.

झुबिमेंडीचं तर याहून वाईट. तो आला नाही म्हणून मी गुण कापले, पण त्याच जागेवर नव्या प्रशिक्षकाने, स्लॉटने, ग्राव्हेनबेर्खला उभा केला. हा ग्राव्हेनबेर्ख २०२३ मध्ये विंडोच्या शेवटच्या दिवशी आला होता. त्या वर्षीचा कागद शोधला. लिहिलंय: 'उगाच घेतला.' मुदत ठेव ठेवली त्या वर्षी बघितलं तर पैसे गेलेलेच दिसतात, हे मी रोज काउंटरवर लोकांना समजावतो. फुटबॉलमध्ये मलाच कळलं नाही. आणि सालाहच्या कराराचं शेवटचं वर्ष शिल्लक होतं म्हणून मी 'धोका' लिहून पाच गुण कापले. त्याने २९ गोल केले, १८ करवले, आणि एप्रिलमध्ये नवी सही केली.

तर आता पहिला रकाना 'राहिले कोण' हा. खर्च शेवटी, बारीक अक्षरात.

यंदाचं लिव्हरपूल या रकान्याने मोजायला घेतलं तर चित्र एकदम पालटलं. ट्रेंट गेला, लुईस दियाझ गेला, नुन्येझ गेला. विर्ट्झ, एकितिके, केर्केझ, फ्रिम्पाँग आले, आणि पैसा तर विचारू नका. सगळे त्यांना पंचाण्णव देणार. मिनिटांच्या हिशेबाने आणि पंगतीच्या हिशेबानेही मला इतके देववत नाहीत, कारण वाढपी तोच असला तरी अर्धी पंगत नवी आहे. मी ६१ वर थांबलोय. आणि जुलैत अपघातात वारलेल्या जोताची मिनिटं 'गेले' या रकान्यात लिहायला हात धजला नाही. ती ओळ कोरी ठेवली आहे, बेरीज चुकली तर चुकू दे.

एक गाठ अजून सुटली नाही. प्रशिक्षक गेला तर काय? क्लॉप गेला तेव्हा खेळाडूंची मिनिटं तशीच होती. त्याचं भोक कुठे दाखवू?

साखळीचा गोली:

दाखवूच नका. त्याच्या जागी आलेला माणूस आहे त्या अकरांना घेऊन तसाच खेळवणार की सगळं मोडून नवं मांडणार, एवढं बघा. तसाच खेळवणार असेल तर शून्य कापा. मोडणार असेल तर मिनिटं राहूनही निम्मी गेली असं धरा. स्लॉटने फार मोडलं नाही.

६१ म्हणजे जरा धाडस आहे हां.

ईस्ट स्टँड:

एफसी गोवालाही एक कागद ठेवा की. सिव्हेरिओ जमशेदपूरहून आला आणि १३ तारखेला ओमानच्या अल सीबविरुद्ध गोल मारूनही मोकळा झाला. आपली लीग कधी सुरू होणार तेच कोणी सांगत नाही, मग मे महिन्यात तपासणार कशाशी, हा प्रश्न आहेच.

कुडाळकर ९:

६१? बन्स तुमच्याकडेच, नक्की. पत्ता पाठवा, मी येतो मे महिन्यात.

घसारा:

या, आठवे तुम्ही. एफसी गोवाचा कागद ठेवतो, आशियातल्या सामन्यांवरून तपासू.

आता शेवटची मदत. आमचा गणपती सात दिवसांचा, त्यामुळे १ तारखेच्या रात्री घरी आरत्या रंगात आलेल्या असणार. स्ट्रायकर इसाक न्यूकॅसलमध्ये सरावाला जात नाहीये, त्याचं काय ते शेवटच्या तासातच होईल असं दिसतं. तो लिव्हरपूलला आला तर ६१ बदलायचे की नाही हे मला साडेअकराच्या आत ठरवायचं आहे, कारण कागदाचा फोटो मालकाला तेव्हाच पाठवायचा नियम आहे. पण आरतीला घुमट वाजवायचं माझ्याकडे असतं, दोन्ही हात अडकलेले. मुलाला फोन धरून समोर बसवतो. तुमच्यापैकी जागं कोण असेल त्याने इथे फक्त 'आला' किंवा 'नाही' एवढंच लिहा, तेवढं मला लांबून वाचता येईल.