पोकरमध्ये कुठले पत्ते खेळायचे, कुठले टाकायचे? अनुभव लिहा

घोडबंदरवाला: २०२५ च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन गेम बंद झाले, मग आम्ही सोसायटीच्या गच्चीवर होल्डेम (पोकरचा प्रकार: प्रत्येकाला दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच) सुरू केलं, पैशाऐवजी राजमा. सवय तीन पत्तीची. बिग ब्लाइंड म्हणजे खरं तर पत्ते बघण्याआधी एकाने लावायची सक्तीची रक्कम, पण न बघता खेळायचं असं समजून पहिल्यांदा मी पत्ते उचललेच नाहीत 😅 आणि नंतर दिसेल तो हात खेळत सुटलो, साडेदहाला राजमा खल्लास. दोन पत्त्यांचे १६९ प्रकार होतात म्हणे, त्यातले नवशिक्याने खेळायचे कुठले? फजिती आधी लिहा.

ऐरोली: माझा रोग कलरचा, म्हणजे पाचही पत्ते बदाम किंवा पाचही इस्पिक असे एका रंगाचे. दोन्ही बदाम दिसले की मी आत, मग नव्वी-तिर्री का असेना. फ्लॉपवरच, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते उघडताच, कलर पूर्ण व्हायचा चान्स १ टक्क्याहून कमी आहे, आणि नुसतं एका रंगाचं असण्याचा फायदा दोन-तीन टक्केच, हे भाच्याने कागदावर मांडून दाखवलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

नेरुळची मामी: मी एक्का सोडतच नसे. एक्का-चौकी घेऊन बसले, फ्लॉपवर एक्का आला, मी खूश, सगळा ढीग पुढे सरकवला. समोर भाचीकडे एक्का-राणी. "मामी, तुझा दुसरा पत्ता बघ ना!" तेव्हापासून एक्क्याबरोबर दश्शीच्या खालचं काही असलं तर बहुतेकदा पॅक.

कोपरी: जागा कुठली ते बघता का कोणी? बिग ब्लाइंडच्या लगेच डावीकडे असलो की सगळ्यांच्या आधी बोलावं लागतं, मागे कोणाकडे काय आहे पत्ता नाही, तिथे मी मोठी जोडी किंवा एक्का-राजा असेल तरच खेळतो. तेच गुलाम-दश्शी डीलरच्या जागेवर आले आणि आधी बोलणारे सगळे पॅक झाले असतील तर बिनधास्त रेज, म्हणजे बोली वाढवायची.

सानपाडा: दोन एक्के सरासरी २२१ हातांत एकदा येतात. मला आले आणि मी शहाणा, कोणी पळू नये म्हणून नुसता कॉल मारला, म्हणजे बोली न वाढवता आहे तेवढीच भरली. पाच जण स्वस्तात आत. एकट्यासमोर हेच एक्के साधारण ८५ टक्के जिंकतात, पाच जणांसमोर जेमतेम निम्म्या वेळा. अठ्ठी-छक्कीवाल्याने दोन जोड्या लावून धुतला. रेज करा रे बाबांनो.

ऐरोली: @सानपाडा 🙏 आणि दुर्रीच्या जोडीचं काय?

सानपाडा: स्वस्तात फ्लॉप बघायचा. तिसरी दुर्री साडेआठ वेळात एकदा लागते, नाही लागली तर जीव लावायचा नाही.

घोडबंदरवाला: काल तासाभरात चारच हात खेळलो, शेजारचे काका विचारत होते झोपलास का. पण राजमा उरला! म्हणजे उरला होता, सकाळी आईने भिजत घातला. शनिवारी चिंचोके घेऊन बसणार.