मदत हवी आहे: जोराच्या वाऱ्यात फॅमिली टेंट कसा टिकवायचा?

मंडळी, गेल्या महिन्यात भंडारदऱ्याला धरणाच्या काठावर आमचा सहा जणांचा डोम टेंट लावला होता, संध्याकाळी एक पान हलत नव्हतं आणि रात्री दीडला असा वारा सुटला की विचारू नका. टेंटबरोबर आलेल्या त्या तारेच्या खुंट्या मुरमात चार बोटं पण गेल्या नव्हत्या, एकेक करून सगळ्या उपटल्या, वरचं कव्हर फडफडायला लागलं आणि फायबरचा एक पोल जोडावरच चिरला. मी आणि बायको पहाटेपर्यंत आतून पोल धरून बसलो, पोरं मात्र ढाराढूर.

चूक माझीच, दोऱ्या चारच बांधल्या होत्या, बाकीच्या पिशवीत तशाच राहिल्या आणि दार पण वाऱ्याकडे तोंड करून.

आता डिसेंबरात रायरेश्वरला जायचंय, तिथे पठार उघडं आणि खाली बऱ्याच ठिकाणी कातळ. खुंटी जिथे जाणारच नाही तिथे दोरी मोठ्या दगडाला गुंडाळायची की पोत्यात माती भरून त्याला बांधायची? मुरमासाठी लोखंडी सळईच्या फूटभर खुंट्या लोहाराकडून करून घेतल्या तर चालतील का, पठारावर जायला शिड्या चढायच्या आहेत म्हणून वजनाची पण काळजी आहे. आणि चिरलेल्या पोलवर नुसती चिकटपट्टी मारून भागेल का नवीनच घेऊ?

कोणी असल्या वाऱ्यात रात्र काढली असेल तर सांगा प्लीज. "हॉटेलात राहा" हा सल्ला सासूबाईंनी आधीच दिलाय.