विकृती, विकार की आजार? मानसशास्त्राच्या पेपरात काय लिहायचं?

दारव्हा_बीए३
पेपर मराठीतून आहे. एका पुस्तकात ‘चिंताविकृती’, दुसऱ्यात ‘चिंता विकार’, जुन्या गाइडात ‘मज्जाविकृती’. नैराश्य, अवसाद आणि खिन्नता एकच का? शिवाय प्रात्यक्षिकाच्या वहीत माणूस ‘जीव घाबरते’, ‘मन लागत नाई’ असं बोलला तर त्याला कोणतं नाव द्यायचं?

पऱ्हाटी
विकृती आणि विकार हे ‘डिसऑर्डर’ या एकाच संज्ञेचे दोन अनुवाद आहेत. बोलण्यात ‘विकृत’ ही शिवी झाली आहे, म्हणून ‘विकार’ बरा. पण तुमच्या अभ्यासक्रमात ‘विकृती’ छापलं असेल तर पहिल्या ओळीत ‘चिंता विकार, म्हणजेच चिंताविकृती’ असं एकदा लिहा आणि पुढे शेवटपर्यंत एकच शब्द ठेवा. अर्ध्या उत्तरात शब्द बदलला की तपासणाऱ्याला दोन वेगळे विकार वाटतात. ‘रोग’ नको. रोग म्हटलं की शरीरातलं ठरावीक कारण दाखवता येतं असं गृहीत धरलं जातं, आणि बहुतेक मनोविकारांत ते तसं दाखवता येत नाही.

‘मज्जाविकृती’ (न्यूरोसिस) हा वर्ग डीएसएम या अमेरिकन मनोविकार-निदान पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने 1980 मध्येच मोडीत काढला. त्याखालचे विकार चिंता, मनोदशा, कायिक लक्षणे अशा गटांत वाटले गेले. ‘हिस्टेरिया’चंही तेच. इतिहासाचा प्रश्न असेल तरच हे शब्द लिहा.

सातपुडा
नैराश्याबद्दल, म्हणजे डिप्रेशन. ‘अवसाद’ हा त्यालाच दुसरा शब्द, हिंदी पुस्तकांतून आपल्याकडे आला, चूक नाही. ‘खिन्नता’ मात्र लक्षणासाठी राखून ठेवा, विकाराचं नाव म्हणून नको. ‘निराशा’ तर त्याहून सांभाळून वापरावा. आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) नैराश्याच्या दहा लक्षणांपैकी भविष्याबद्दलची निराशा हे एक लक्षण आहे, म्हणजे निराशा हा नैराश्याचा एक तुकडा झाला. डीएसएम-५ मध्ये लक्षणं नऊ आहेत. दोन्हीकडे कमीत कमी पाच लागतात, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज. त्यात खिन्न मन किंवा रस उडणं यांपैकी एक हवंच. ही अट गाळून नुसती यादी लिहिली की उत्तर अर्धवट राहतं.

कोरडवाहू
‘मन लागत नाई’ हे त्यातल्या ‘रस उडणं’च्या अगदी जवळचं आहे. पण लगेच नैराश्य लिहू नका. कशात मन लागत नाही ते विचारा: फक्त अभ्यासात, की जेवणात, जत्रेत, नातवंडांतही? दुबार पेरणी वाया गेली आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत (ही मुदत डीएसएमची) त्रास सुरू झाला, पण पाच लक्षणं भरत नाहीत, तर समायोजन विकाराचा विचार होतो. लक्षणं भरत असतील तर कारण कितीही समजण्यासारखं असलं तरी नैराश्यच.

‘जीव घाबरते’ हा शब्द मोठा फसवा. काही मिनिटांत टोकाला जाणारा झटका असेल (धडधड, घाम, आता मरतो असं वाटणं) तर तो पॅनिक. सहा महिने बहुतेक दिवस पीक, कर्ज, पोरीचं लग्न अशा अनेक गोष्टींची काळजी आवरतच नाही, सोबत स्नायू ताठणं, झोप बिघडणं, चिडचिड वगैरे सहापैकी तीन लक्षणं, तर डीएसएमनुसार सार्वत्रिक चिंता विकार. आणि रक्त कमी असणं, थायरॉईड वाढणं यानेही जीव घाबरतेच. शारीरिक कारण वगळलं का, हे वहीत दिसलं पाहिजे.

दारव्हा_बीए३
भ्रम, विभ्रम आणि संभ्रम यांत घोळ होतो सर. दोन पुस्तकांत उलटसुलट आहे.

पऱ्हाटी
आहेच. म्हणून शब्दाच्या भरवशावर राहू नका, बाजूला व्याख्या द्या. रात्री जागलीला बुजगावणं पाहून माणूस उभा आहे असं वाटलं, तर वस्तू आहे पण ओळख चुकली: भ्रम. तिथे काहीच नाही तरी कोणी बोलताना स्पष्ट ऐकू येतं: विभ्रम. शेजारी आपल्या विहिरीत विष टाकतो हे पुरावा दाखवूनही डोक्यातून जात नाही, तर ही संवेदना नाही, विश्वास आहे: संभ्रम. काही पुस्तकांत याला व्यामोह म्हणतात, मला तोच जास्त नेमका वाटतो.

आणि छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) म्हणजे ‘एका माणसात दोन माणसं’ नव्हे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलरने 1908 मध्ये ही संज्ञा दिली ती विचार, भावना यांची सांधेजोड सुटते या अर्थाने. दोन व्यक्तिमत्त्वं दाखवणारा विकार वेगळ्या प्रकरणात येतो. कालावधी लिहिताना पद्धतीचं नाव लिहा: डीएसएममध्ये सहा महिने, आयसीडी-११ मध्ये एक महिना. नाव न लिहिता नुसता आकडा टाकला तर तो बरोबर असूनही कापला जातो.

सातपुडा
‘मंत्रचळ’ही राहिला. ओसीडीला (नको ते विचार आणि कृती पुन्हापुन्हा होण्याचा विकार) हा शब्द छान बसतो, पण तो कृतीकडे झुकतो. मनात नको असताना पुन्हापुन्हा येणारा विचार हा भाग वेगळा लिहावा लागतो. रोज तासाभराहून जास्त वेळ जाणं किंवा कामात अडथळा येणं, ही अट विसरू नका. देवपूजा सोवळ्यात करणारा प्रत्येक जण मंत्रचळी नसतो.

दारव्हा_बीए३
आणि ‘अंगात येणं’?

कोरडवाहू
नवरात्रात, देवीपुढे, सगळ्यांच्या मान्यतेने येतं आणि उतरतं, तर तो विकार नाही. दोन्ही पद्धती हे स्पष्टच म्हणतात. नको असताना, आवरता न येता, त्या रीतीच्या बाहेर येत असेल आणि त्याचा त्रास होत असेल, तर आयसीडी-११ मध्ये त्याला वेगळं नाव आहे; मराठीत ‘संचार-समाधी विकार’ म्हणता येईल. ‘बाहेरचं लागलं’ हे मात्र लक्षण नाही, ते घरच्यांनी लावलेलं कारण आहे. वहीत ते अवतरणात, घरच्यांच्या नावावर टाका.

वहीचा क्रम असा ठेवा: माणसाचे शब्द जसेच्या तसे वऱ्हाडीत, कधीपासून, किती वेळा, कोणतं काम अडलं, काय वगळलं. नाव-गाव लिहायचं नाही. शेवटी ‘निदान’ नको, ‘लक्षणं कशाशी जुळतात’ असं लिहा; निदान करायचा अधिकार बीएच्या विद्यार्थ्याला नाही. बोलताना कोणी मरणाची गोष्ट काढली तर वही बाजूला ठेवा, घरच्या कोणाला तरी जवळ बसवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.