जड सागवानी टेबलाला काढता-घालता येणारे पाय कसे बसवावेत?

प्रश्न : शुक्रवार पेठकर

आमचा पडका वाडा उतरवताना निघालेल्या सागवानी तुळया चिरून घेऊन माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने जेवणाचे एक टेबल केले आहे. त्याचा टॉप ८ फूट लांब, साडेतीन फूट रुंद आणि पावणेदोन इंच जाड असून माझ्या हिशेबाने त्याचेच वजन ७५ किलोच्या आसपास भरते. पाय बाभळीचे आहेत, ५ इंच चौरस आणि २८ इंच उंच, आणि एकेक पाय नऊ किलोंचा आहे.

आम्ही कोल्हापुरात तळमजल्यावर राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या गल्लीत आले होते. तेव्हापासून राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की आम्ही सामान वरच्या मजल्यावर हलवायला घेतो, परंतु पायांसकट हे टेबल जिन्याच्या वळणावर फिरत नाही. त्यासाठीच वडिलांनी पाय सुटे ठेवले होते. प्रत्येक पायाच्या डोक्यावर तीन इंचांची लोखंडी प्लेट चार स्क्रूंनी बसवून तिच्यामार्फत पाय टॉपला जोडला होता. सहा-सात महिन्यांतच टेबल डुलू लागले. प्लेट उघडून पाहिली तेव्हा पायातले स्क्रू हाताने ओढताच बाहेर आले आणि भोकांतून भुसा पडला.

वडील आता थकले आहेत, आणि त्यांनी केलेला टॉप किंवा पाय यांपैकी काहीही टाकून द्यायची माझी इच्छा नाही. पाय घट्ट बसावेत, दोन माणसांना अर्ध्या तासात काढता यावेत आणि पुराच्या रात्री वीज नसते म्हणून केवळ हातातल्या पान्याने काढता यावेत, अशी जोडणी कोणती?

उत्तर : रंधा-पटाशी

आपल्या वडिलांनी निवडलेले लाकूड उत्तम आहे, चूक फक्त स्क्रूच्या दिशेत झाली. पायाच्या डोक्यात वरून मारलेला स्क्रू लाकडाच्या तंतूंना समांतर शिरतो, त्यामुळे त्याचे आटे तंतूंना पकडण्याऐवजी त्यांना कापत जातात आणि थोड्या हिसक्यांनी तिथे भुसा होतो. तोच स्क्रू पायाच्या बाजूतून, म्हणजे तंतूंना आडवा गेला असता, तर कितीतरी अधिक काळ टिकला असता.

दुसरे कारण तरफेचे आहे. प्लेटवरचे स्क्रू एकमेकांपासून जेमतेम दोन इंचांवर आहेत आणि पाय २८ इंच उंच आहे. कोणी टेबल कडेने रेटले आणि पायाच्या तळाशी १० किलोंचा जोर आला, तर वरच्या स्क्रूंवर त्याच्या चौदापट, म्हणजे १४० किलोंची ओढ बसते. म्हणून आणखी जाड प्लेट किंवा आणखी लांब स्क्रू हा यावरचा उपाय नव्हे. टॉपखाली चारही बाजूंनी ५ इंच उंचीच्या उभ्या पट्ट्यांची चौकट करावी आणि पायाने त्या पट्ट्यांच्या टोकांना टेकून उभे राहावे. बोल्ट आणि पट्टीची खालची कड यांच्यात चार इंचांचे अंतर मिळाले, तर तीच ओढ सातपटीवर येते. शिवाय पायाला दाबून धरण्याचे काम पट्टीचे लाकूड करते, बोल्टला फक्त ओढून ठेवायचे असते.

कोपऱ्याची रचना अशी करावी. दोन पट्ट्या जिथे पायाशी भेटतात, तिथे आतून ४५ अंशांत एक जाड सागवानी ठोकळा दोन्ही पट्ट्यांना खाच करून, सरस लावून आणि स्क्रूने कायमचा बसवावा. पायाची आतली धार दीड इंच रुंदीने तासून सपाट करावी. त्या सपाट भागातून एकाखाली एक असे दोन १० मि.मी.चे बोल्ट पायात कायमचे बसवावेत. त्यांची बाहेर आलेली टोके ठोकळ्यातल्या ११ मि.मी.च्या भोकांतून आत येतील, आणि तिथे मोठा वायसर घालून नट आवळायचा. पायाचा तासलेला भाग आणि ठोकळा यांच्यामध्ये एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पोकळी राहिलीच पाहिजे. पाय ठोकळ्यालाच टेकला, तर नट कितीही आवळला तरी पट्ट्यांच्या टोकांवर दाब येत नाही आणि टेबल पुन्हा डुलते. ही एक सुताची पोकळी मी अनेक कारागिरांना विसरताना पाहिले आहे.

गुडघ्यांचाही विचार करावा. ५ इंचांची पट्टी सरळ ठेवली तर खाली २३ इंचच उरतात, म्हणून लांब पट्ट्या मध्यभागी हलक्या कमानीने ४ इंचांवर आणाव्यात. टोकांशी मात्र पूर्ण ५ इंच राहू द्यावेत, कारण जोर तिथेच येतो.

उत्तर : जुनी तुळई

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण चौकट टॉपला कशी जोडायची हे त्यात राहिले आहे आणि आपल्या शहरात तेच महत्त्वाचे आहे. लाकूड शंभर वर्षांचे जुने असले तरी ते पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मे मध्ये आकसते. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र तो जाणवतो. साडेतीन फूट रुंद सागवानी टॉपमध्ये ओलाव्याचे प्रमाण पाच टक्क्यांनी बदलले, तर फळ्या कशा चिरल्या आहेत त्यानुसार रुंदी ५ ते १० मि.मी. बदलते. अशा टॉपला आडव्या पट्ट्या सरसाने किंवा घट्ट स्क्रूने चिकटवल्या, तर एखाद्या उन्हाळ्यात टॉप मधोमध तडकतो. माझ्या स्वतःच्या घरातील देवघराची फळी अशीच तडकली आहे.

पट्टीच्या आतल्या बाजूला खाचा कराव्यात, त्यांत अडकणारी लहान लाकडी बटणे टॉपला खालून स्क्रूने बसवावीत आणि खाचेत बटणाला सरकायला दोन सूत जागा ठेवावी. बटणे सोडवली की चौकटही वेगळी होते, त्यामुळे जिन्यातून टॉप एकटाच नेता येईल.

एरवी माझी आवड कुसू (भोकात बसणारे लाकडाचे निमुळते टोक) आणि पाचरीच्या सांध्याची आहे. दोन घोड्यांमधून, म्हणजे टेबलाच्या दोन टोकांच्या आधारांमधून, आडवी लगड (जोडणारी पट्टी) घालून तिच्या आरपार आलेल्या कुसवात पाचर ठोकली, की लोखंडाचा एक तुकडाही लागत नाही आणि सुटे करायला लाकडी हातोडा पुरतो. परंतु चार सुट्या पायांना ही पद्धत जुळत नाही, आणि वडिलांच्या हातचे पाय टिकवायचे असतील तर बोल्टच योग्य आहेत.

उत्तर : उद्यमनगरचा टर्नर

एका बाजूला लाकडाचे आणि दुसऱ्या बाजूला नटाचे आटे असलेले बोल्ट बाजारात मिळतात, पण ते बहुतेक वेळा ८ मि.मी.पर्यंतच आणि आखूड असतात. नऊ किलोंच्या पायाला मी ते लावणार नाही. त्याऐवजी १० मि.मी.ची पूर्ण आट्यांची सळई घेऊन तिचे तुकडे करावेत. पायात १२ मि.मी.चे आणि ९० मि.मी. खोल भोक पाडावे, भुसा फुंकून काढावा, एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरावी आणि सळई फिरवत आत घालावी. सळई सरळ राहण्यासाठी कोपऱ्याचा ठोकळा स्वतःच साचा म्हणून वापरावा. एपॉक्सी घट्ट होईपर्यंत चौकटीत पाय सरस न लावता उभा करून ठेवावा, म्हणजे दोन्ही सळया भोकांच्या बरोबर समोर येतात. बाहेरच्या आट्यांवर आधी मेण चोळून ठेवावे, नाहीतर सांडलेली एपॉक्सी त्यांत बसेल.

सळई साध्या लोखंडाची घेऊ नये. आपल्याकडे चपलांचे कातडे बाभळीच्या सालीने कमावतात ते तिच्यातल्या टॅनिनमुळे. तेच टॅनिन लाकडातही थोडेफार असते आणि ओलावा मिळाला की लोखंडाभोवती काळा डाग पसरतो. स्टेनलेसची सळई घ्यावी, आणि नटही स्टेनलेसचेच असल्याने आट्यांना थोडे ग्रीस जरूर लावावे, कारण कोरडे स्टेनलेस एकमेकांत अडकून बसते. १० मि.मी.च्या नटाला सहसा १७ नंबरचा पाना लागतो, काही नटांना १६ चा. आठही नट एकाच मापाचे घ्यावेत आणि तो पाना दोरीने चौकटीलाच बांधून ठेवावा.

पुन्हा शुक्रवार पेठकर

आपणा तिघांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत सांगितल्याप्रमाणे काम पूर्ण केले. वडिलांना खुर्चीवर बसवून त्यांच्यासमोरच पायांच्या धारा तासल्या, आणि पहिली धार गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही हे त्यांनी माझ्या आधी ओळखले. त्यांच्याच सांगण्यावरून प्रत्येक पायाच्या डोक्यावर आणि त्याच्या कोपऱ्यावर पटाशीने एक, दोन, तीन, चार अशा खुणा केल्या, कारण हाताने केलेला प्रत्येक पाय आपापल्याच जागी नीट बसतो.

काल रात्री दिवे मालवून बॅटरीच्या उजेडात चाचणी घेतली. दोन वाकळी अंथरून चौघांनी टेबल उलटे केले आणि मग आम्ही दोघा भावांनी बावीस मिनिटांत पाय आणि चौकट सोडवली. टॉप लांब कडेवर उभा धरून जिन्याच्या वळणावरून वर गेला. आज सकाळी पुन्हा जोडल्यावर वडिलांनी दोन्ही हातांनी कड धरून टेबल हलवून पाहिले, ते जागचे हलले नाही.

तिसऱ्या कोपऱ्यावरचा खालचा नट मात्र पट्टीला इतका खेटून आला आहे की पाना पूर्ण फिरत नाही. तेथे ठोकळ्याला अर्धा इंच खाच काढावी लागेल, ती मृग लागण्याआधी काढून घेतो.